म्यानातली पट्टी

आईच्या मासळीच्या दुकानात दोघी बहिणी मासे कापायच्या. धाकटीची सुरी दुपारपर्यंत बोथट व्हायची. आईची जीभ मात्र कधीच नाही. "तुझ्या हातालाच धार नाही गं!" असं ती भर गिऱ्हाइकांत सुनवायची. अशा वेळी ताईच पुढे व्हायची. "आण इकडे, मी लावून देते धार." नऊ वर्षं हे असंच चाललं आणि शेवटी आईनं दुकान ताईच्या हाती सोपवलं.

धाकटीनं धार लावायचा दगड बदलून पाहिला होता, सुरी बदलून पाहिली होती. कमरेचं चामडी म्यान तेवढं आईनं स्वतः हौसेनं शिवून दिलेलं, त्याच्यावर कोण संशय घेणार? पण एकदा आतून मऊ कातडं लावून तरी बघू म्हणून तिनं शिवण उसवली. आत, पातं टेकतं तिथंच, काचपेपरची पट्टी चिकटवलेली होती.

ती तशीच ताईकडे धावली. "बघ गं, सख्ख्या आईनं काय केलं माझ्याशी!"

ताईनं पट्टीकडे पाहिलंसुद्धा नाही. "परीक्षा घेत होती ती आपली. माझ्याही म्यानात होती. मला पहिल्याच आठवड्यात सापडली."