पट्ट्यानं ऐकलेली हाक

गुडघ्याला बांधलेला पट्टा ऐकत होता, म्हणून प्राजक्ताआजींनी ओठ घट्ट मिटले. इंजेक्शन लागू पडलं की नाही, हे आता पेशंटला कुणी विचारत नसे. "बरं आहे हो" म्हणून लोकांनी डॉक्टरांना फार वर्षं फसवलं होतं. उठताना तोंडून "आई गं" निघतं का, एवढंच पट्टा ऐकायचा. निघालं, तर इंजेक्शनं बंद आणि सांधा बदलायचं ऑपरेशन. आजींची थोरली बहीण त्याच ऑपरेशनमधून परत आली नव्हती.

"उठा, आजी," डॉक्टर म्हणाले.

खुर्चीचे हात धरून त्या उठल्या. कळ थेट मस्तकात गेली, डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

खुर्चीमागून मात्र हळूच आवाज आला, "आई गं…"

पट्ट्यावर लाल दिवा लागला.

"मी नाही म्हटलं," आजी घाईघाईनं म्हणाल्या. "ही माझी लेक, मैथिली. तिनं मला हाक मारली."

"हाक मारलीत?" डॉक्टरांनी मैथिलीला विचारलं.

हो म्हण, आजींनी नजरेनंच विनवलं. मैथिली हो म्हणणारच होती. तेवढ्यात आजींचा गुडघा लटपटला, आणि तिच्या तोंडून पुन्हा तेच निघालं.