इंग्लंडच्या रानातला आवाज

इंग्लंडमध्ये नोकरीला असलेला रघुवीर सुट्टीवर बंगळूरला मल्लेश्वरमच्या घरी आला होता. उन्हाळ्यात आईला तिकडे नेलं होतं, तेव्हाची व्हिडिओ कॅसेट तो शेजाऱ्यांना दाखवत होता.

“हे त्याच्या गावाजवळचं रान,” त्याची आई शकुंतलाबाई कौतुकाने सांगू लागल्या. “लहानसंच आहे, पण स्वल्प आत गेलं की ऊनसुद्धा दिसत नाही.”

टीव्हीवर शकुंतलाबाई रानाच्या तोंडाशी चपला काढताना दिसल्या. मग एका जुन्या ओकच्या बुंध्याला हात लावून त्यांनी डोळे मिटले आणि नमस्कार केला. रघुवीरचा गोरा साहेब शेजारी उभा राहून बघत होता. तेवढ्यात कॅमेरा धरलेल्या रघुवीरचा आवाज आला. तो साहेबाला इंग्रजीत सांगत होता, “सॉरी सर, माझी आई अडाणी आहे. कुठे कसं वागावं, तिला कळत नाही.”

ज्यांना इंग्रजी कळत होतं, त्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. रघुवीर धडपडत उठला आणि त्याने टीव्ही बंद केला.

“काय सांगत होतास रे साहेबाला?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

त्याला मान वर करवेना. त्याची बायको हेमावती घाईने म्हणाली, “आई, ते सांगत होते, आमच्या आईला झाडांची फार माया आहे म्हणून.”

शकुंतलाबाई हसल्या. मग मुलाकडे वळून हळूच म्हणाल्या, “एवढ्यासाठी सॉरी कशाला म्हणालास, बाळा?”