बहीण आहे

फेडरल न्यायाधीश हॉलिस ट्रेडवे अंथरुणाला खिळलेल्या बायकोला चमच्याने सूप भरवत होते. तीन आठवडे ते कोर्टात गेले नव्हते.

मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, आता कामावर जा बघू. इथे बसून तिचं डोकं खाऊ नका. मी आहे ना!"

"बहिणीने नवऱ्याची जागा भरून निघत नाही, डेल्फीन."

बोलले मात्र, आणि त्यांचा हात थांबला. हे वाक्य त्यांचं नव्हतं. गेल्या वर्षी एका कैद्याने बायकोच्या अखेरच्या दिवसांत तिच्याजवळ राहण्यासाठी सुटका मागितली होती. अर्जात त्याने हेच लिहिलं होतं.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

त्यांना तिच्याकडे बघवेना. त्या अर्जाखाली त्यांनी लिहिलं होतं, "काळजी घ्यायला बहीण आहे. नामंजूर."