अण्णांची दुरुस्ती

पितृपक्ष तोंडावर आला की स्मृतिकेंद्रात शुभदाला मान वर करायला फुरसत नसे. घरोघरची माणसं आपल्या गेलेल्यांशी दोन शब्द बोलायला यायची. त्याआधी केंद्राच्या मोठ्या संगणकातला, गेलेल्यांच्या आठवणींचा प्रत्येक साठा तपासून, दुरुस्त करून ठेवावा लागे.

यंदा नेमका तिच्या वडिलांचा, अण्णांचाच साठा अडला. 'मृत' प्रकारातले फार जुने साठे दुरुस्तीच्या नव्या प्रोग्रामला चालत नसत. 'जिवंत' प्रकारातले कितीही जुने असोत, चालत. उद्या आई खीर-वडे घेऊन येणार, तिला काय सांगायचं? शुभदाने मनाचा हिय्या केला आणि अण्णांचा प्रकार बदलून 'जिवंत' करून टाकला.

दुरुस्ती चुटकीसरशी झाली. स्पीकरमधून ते ओळखीचं खाकरणं ऐकू आलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"शुभे, आलीस होय? मघापासून हाका मारतोय. इथं दिवा नाही का लावत कुणी?"

गेलेले फक्त जुनं बोलत. त्यांना अंधार दिसत नसे, कुणाची वाट पाहणंही त्यांना उरलेलं नसे.

तिने घाईघाईने पुन्हा 'मृत' प्रकार निवडला. पडद्यावर ओळ उमटली : 'हा साठा जिवंत आहे. आधी मृत्यूची वेळ आणि कारण भरा.'

तिने एक अक्षर दाबलं, मग दुसरं.

"बटणांचा आवाज येतोय," अण्णा मायेने म्हणाले. "काय लिहितेस गं?"