छातीभर पाणी

‘ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना तलावात प्रवेश नाही’ हा पोहण्याच्या तलावाच्या फलकावरचा नियम लिहिणाऱ्याला पाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अपघातानंतर विज्ञानाच्या बाईंचे पाय अंगाचा भार पेलत नव्हते, म्हणून त्यांना दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं. आज सुनेने त्यांना खुर्चीतून उचलून सरळ पाण्यात उतरवलं. तलावाचा व्यवस्थापक, बाईंचाच जुना विद्यार्थी, शिट्टी फुंकत धावत आला.

“बाई, बाहेर या! उभं राहता येत नाही तुम्हाला!”

“पाणी आपला भार उचलतं, हे सातवीत तीनदा समजावलं होतं तुला,” छातीभर पाण्यातून बाई म्हणाल्या. सुनेने केव्हाच हात सोडला होता. “तो नियमांचा फलक राहू दे. माझ्या पायांकडे बघ. मी काय करतेय, बोल!”