फुफ्फुसांचं जस्त

दवाखान्यातल्या खाटेवर म्हादबांनी तोंडावरचा औषधी वाफेचा मास्क ओढून काढला. पाणीपुरवठा केंद्रात क्लोरीन गळाला, तेव्हा त्या वायूच्या टाकीची कळ बंद करायला तेच आत धावले होते. आता तो वायू छातीत जाळ करत होता.

"याला सडक्या अंड्याचा वास येतोय! मी माळकरी माणूस. मेलो तरी चालेल."

"तुम्हाला चालेल हो, मला नाही," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई जवळ बसल्या. "बाबा, यात अंडं नाही, गंधक आहे. लोखंडी पाइप गंजू नये म्हणून त्यावर काय चढवतात?"

"जस्त. गंज आधी ते स्वतःवर घेतं."

"तुमची फुफ्फुसं आतून गंजतायत. हे औषध म्हणजे त्यांचं जस्त."

म्हादबांनी गळ्यातली माळ चाचपली आणि मास्क स्वतःच चढवला.

कार्तिकातल्या काकड आरतीला त्यांनी शंख फुंकला. आवाज इतका लांबला की टाळकऱ्यांचे हात हवेतच थांबले.

बायको डोळे पुसत हसली. "मेलो तरी चालेल म्हणणारे ते कुठं गेले हो?"

म्हादबांनी उत्तरादाखल शंख पुन्हा ओठाला लावला.