आधी जिराफ दाखवायचा

सौदामिनीने फोन पाटावर उभा केला, आवाज मोठा केला, तशी दोन्ही मुलं त्याच्यावर ओणवी झाली. रविवारची दुपार होती. पलीकडे कलकत्त्याहून त्यांचा बाप गदाधर बोलत होता. नाताळच्या सुट्टीत मुलांना कलकत्ता दाखवायचं, ते आज पक्कं व्हायचं होतं.

गदाधर तिथे नळजोडणीची कामं करायचा. ओडिशातल्या त्यांच्या पट्टामुंडाईकडचे निम्मे पुरुष त्याच कामावर बाहेर असत, त्यात नवल काही नव्हतं. तो वर्षातून दोनदा गावी यायचा, जूनमधल्या रज सणाला आणि भात कापणीला. आला की दिवसभर झोपायचा, संध्याकाळी मित्रांत जायचा. लिपी कितवीत आहे, हे त्याला दर वेळी विचारून घ्यावं लागे. टुकुनाला त्याने कधी कडेवर घेतल्याचं सौदामिनीला आठवत नव्हतं. या सहलीलाही तो वर्षानुवर्षं नाही म्हणत आला होता. कधी उकाडा, कधी गर्दी, कधी काम. यंदा लिपीने अन्नपाणी सोडल्यावर हो म्हणाला. त्याची खोली म्हणे चार कारागिरांची, पोराबाळांना न्यायच्या लायकीची नव्हती, तेव्हा हावड्याजवळ एका लॉजमध्ये उतरायचं ठरलं.

आणि आज तो भरभरून बोलत होता. सौदामिनी समोर शेवग्याचा पाला निवडत ऐकत होती. तिला बरं वाटत होतं.

"आधी जिराफ दाखवायचा," गदाधर प्राणिबागेचं सांगत होता. "वाघाकडे पहिल्यांदा गेलं की पोरं तिथेच दमतात, मग उचलून घ्या म्हणून भोकाड पसरतात. आणि सापांच्या घरात न्यायचंच नाही. आत अंधार असतो."

"मी नाही घाबरणार," टुकुना म्हणाला.

गदाधर हसला. मग त्याने बागेतल्या छोट्या आगगाडीचं सांगितलं. शेवटच्या डब्यात बसायचं नाही, तो फार हिसके देतो, खाल्लेलं सगळं बाहेर येतं. संत्री घरूनच सोलून न्यायची, बिया काढून. एक जादा चड्डी पिशवीत ठेवायची. ट्राममध्ये खिडकीशी बसवलं की पोरं गप्प राहतात, फक्त हात बाहेर काढू द्यायचा नाही.

सौदामिनीचे हात हळू झाले.

"आणि जादूघर?" लिपीने विचारलं. तिच्या वर्गातल्या मुली कलकत्त्याचं संग्रहालय पाहून आल्या होत्या आणि तिथल्या ममीविषयी वर्षभर बोलत होत्या.

"जादूघर बघू. ममी मात्र नको. दिवसा काही वाटत नाही गं, पण मग रात्री झोपेतून उठून रडते. दिवा लावून बसावं लागतं."



"कोण रडते, बापा?" टुकुनाने विचारलं.

"अरे, कुणी पण. लहान पोरं रडतातच."

सौदामिनीने लिपीला सांगितलं, भावाला घेऊन तळ्यावर जा, बदकं कुठवर गेली ते बघून ये. मुलं गेली. तिने आवाज बारीक केला आणि फोन कानाला लावला. टुकुना चालायला लागला त्या वर्षी गदाधर ना सणाला आला होता, ना कापणीला. काम सुटत नाही म्हणाला होता. आजारी तर नसेल, म्हणून तिने तेव्हा बलदेवजूच्या देवळात दिवा लावला होता.

"केवढी आहे?" तिने विचारलं.

कोण, असं त्याने विचारलं नाही. 

"चौथं लागलंय," तो म्हणाला.

मग तो घाईघाईने बोलायला लागला. सांगणारच होतो, या कापणीला सांगणारच होतो, पैसे कधी कमी पाठवलेत का, तूच सांग.  त्या बाईचं नाव विचारावं असं सौदामिनीला वाटलं, पण तोंडातून निघालं नाही. शेवटी त्याने दबकत विचारलं, मग आता तिकिटं राहू देऊ का?

"काढा," ती म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

मान वर केली तर लिपी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. टुकुनाला तिने एकट्यालाच तळ्याकडे पिटाळलं असावं. ती आत आली, आईच्या समोर बसली आणि शेवग्याची एक डहाळी उचलून पानं ओरबाडू लागली.

"बोऊ, आपण पुरीला जाऊ ना," ती आईला म्हणाली. "समुद्र पण छान असतो."

सौदामिनीने लेकीकडे पाहिलं. अकरा वर्षांची पोर. पानांबरोबर देठही सुपात टाकत होती.

"नाही. कलकत्त्यालाच जायचं."

"बापाला नको असेल तर?"

"तरी जायचं."

बाहेर टुकुना बदकांना हाका मारत होता.  मग लिपीने मान वर न करताच विचारलं, "ती मुलगी त्यांना काय म्हणत असेल? बापाच?"

सौदामिनीने सुपातले देठ एकेक करून वेचून बाहेर काढले.

"बाबा," ती म्हणाली. "तिकडे बाबा म्हणतात."